एकशे बारानंतरची पानं

१४ जून १९९८, रविवार

कागदवाल्यानं मुनीबना जानेवारीत दिलेली ही डायरी आजपर्यंत कोरी होती. त्यांना मापं लिहायला भिंत पुरते. आज माझं वाचनालय सुरू झालं, म्हणून डायरी मी घेतली.

वाचनालय म्हणजे आमच्या बाइंडिंगच्या दुकानाची पुढची खोली. मागं माझे मियाँ मुनीब क्लासच्या नोट्स शिवतात, पुढं मी पुस्तकं देणार. नांदेड सोडून आम्ही लातूरला आलो ते या नोट्सच्या भरवशावर. आमच्या गल्लीत जिथं क्लास नाही तिथं खानावळ आहे, आणि जिथं दोन्ही नाही तिथं ‘मुलींसाठी खोल्या’ अशी पाटी आहे. लोहा, किनवट, हिमायतनगर, कुठून कुठून आठवी-नववीची पोरं ट्रंक घेऊन येतात. सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय, निदान त्यांच्या बापांना तरी तसं वाटतं. रविवारी दुपारी ही पोरं कट्ट्यावर नुसती बसून एकमेकांचे केस ओढतात. त्यांच्या हातात कादंबरी द्यावी असं माझ्या मनानं घेतलं.

मुनीब म्हणाले, "कोर्सचं सोडून कोण वाचणार?" (घरात आम्ही दखनीत बोलतो, इथं मराठीतच लिहिते.) मी म्हटलं, बघू.

आमच्या माहेरी सगळे उर्दू वाचणारे. मराठी शाळेत गेले ती मी एकटी, आणि मराठी कादंबऱ्यांचं वेड लागलं तेही मला एकटीलाच. अब्बा म्हणायचे, बिलकीसला नवरा छापखान्यातला बघा. बाइंडर मिळाला. जवळपास साधलं म्हणायचं.

पहिल्या दिवशी तिघं आले. त्यातले दोघं पंख्याखाली बसायला आले होते.

२८ जून

कादंबरी सुचवण्याची माझी एक पद्धत आहे. ‘तुला काय आवडतं?’ असं मी पोरांना कधी विचारत नाही. तेरा-चौदाचं पोरगं त्यावर सरांना आवडेल तेच उत्तर देतं. मी विचारते, "शेवटचं भांडण कुणाशी झालं?" यावर खोटं बोलायला वेळच मिळत नाही. भावाशी भांडलेल्याला दोन भावांची कादंबरी. मैत्रिणीशी भांडलेलीला भुताची, कारण तिला ती कुणाला तरी सांगावीच लागते आणि मग भांडण मिटतं. इस्लापूरचा भागवत म्हणाला, "खानावळीतल्या वरणाशी." त्याला मी जहाजावरच्या आचाऱ्याची कादंबरी दिली. आज दुसरी मागायला आला होता. वरण तसंच आहे म्हणे.

आणखी एक पद्धत आहे, ती मी कुणाला सांगत नाही. प्रत्येक कादंबरी आधी मी ब्लेड घेऊन वाचते. आई मरते, पोर आजारी पडून जातं, घर कोसळतं, असं जिथं जिथं येतं ती पानं मी कापून काढते. ही घरापासून लांब राहणारी पोरं. खोलीत रडायला लागली तर पाठीवरून हात कोण फिरवणार? मुनीब पुन्हा शिवून देतात, इतकं साफ की पानांचे आकडे बघितल्याशिवाय कळत नाही. याबद्दल ते मला कधी काही बोलत नाहीत. फक्त कापलेली पानं बाजूला ठेवतात आणि मागच्या खिडकीपाशी चष्मा लावून ती वाचत बसतात. फुकट कागद वाचल्याशिवाय सोडायचा नाही, अशीही कंजुषी असते.

एक गोष्ट लिहून टाकते, म्हणजे उद्या कुणाच्या हातात डायरी पडली तर गैरसमज नको. आमची मुलगी कशिश सहा वर्षांपूर्वी नांदेडला दवाखान्यात कावीळ होऊन गेली. दहा वर्षांची होती. तिच्याबद्दल आम्ही घरात बोलत नाही. मुनीबनी सुरुवातीला नाव काढलं की मी उठून आत जायची, मग त्यांनीही सोडलं. पानं कापण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

५ जुलै

आज एक शेतकरी गृहस्थ मुलीला घेऊन आले. रामकिशन नाव. मुलगी सृष्टी, नववीत, इथं मावशीकडं राहते आणि अमृतराव सरांच्या क्लासला जाते. हातपाय लांब, वेणी घट्ट, नजर सरळ पुस्तकांवर.

"भाभी, ही बोलत न्हाई," रामकिशन म्हणाले. "घरी न्हाई, क्लासात न्हाई. डाक्टर म्हनला, गोष्टीची पुस्तकं द्या वाचायला."

मग मला बाहेर पायरीपाशी बोलावलं आणि आवाज खाली करून म्हणाले, "आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. हिची आई भूकंपात गेली. घरात त्यो विषय आम्ही काढत न्हाई. नवी आई हाय, चांगली हाय. तवा असं पुस्तक द्या की त्यात कुनी मरत न्हाई. दिवाळीपतूर वाट बघतो. न्हाई सुधारलं तर नेतो गावाकडं. बस झाली शाळा."

मी त्यांना म्हटलं, बरोबर दुकानात आलात. असं गिऱ्हाईक माझ्यासारखीला एकदाच भेटतं.

मुलीला विचारलं, "शेवटचं भांडण कुणाशी झालं?"

तिनं बराच विचार केला. "कुनाशीच न्हाई."

माझ्या पद्धतीत हे उत्तर बसत नव्हतं. मग मी तिला नदीकाठच्या मुलीची कादंबरी दिली, हिरव्या होडीच्या चित्राची. ती मी सगळ्यात जास्त कापली आहे. एकशे बाराव्या पानापर्यंत आई भाकरी थापते, एकशे एकतिसाव्यापासून मुलगी होडी वल्हवत मावशीच्या गावाला राहायला जाते. मधल्या पुराच्या आणि तापाच्या पानांशिवाय कादंबरी फार आनंदी झाली आहे. लेखकाला दाखवली तर त्यालाही पटेल.

मला ही मुलगी इथं राहायला हवी आहे. का ते सांगता येणार नाही, पण गावाकडं जाऊन चूल फुंकत गप्प बसलेली मला डोळ्यासमोर येते आणि राग येतो.

७ जुलै

सृष्टी पुस्तक परत घेऊन आली. म्हटलं, आवडलं? "बरं हाय." एवढंच. मग उभीच राहिली.

"चाची, एकशे बारानंतर एकशे एकतीस कसं?"

"छापखान्याची चूक," मी म्हटलं. चेहरा अगदी बरोबर ठेवला.

तिनं मान हलवली आणि पुस्तकाच्या शिवणीत नख घालून बघितलं. दुसऱ्या पोरांनी कधी आकडे बघितले नाहीत. बापाला सांगायला हवं, गणितात हुशार आहे.

१९ जुलै

दुसरी कादंबरी सर्कशीची दिली होती. त्यातल्या म्हातारीचा मृत्यू मी इतका बेमालूम काढला होता की एकाही पानाची अडचण होत नव्हती. चार आकडे सोडून.

सृष्टी म्हणाली, "म्हातारी कुटं गेली?"

"गावाला गेली असेल."

"मग तिचं लुगडं दांडीवर वाळत कसं हाय? गावाला जाताना नेलं न्हाई का?"

एवढं बारीक कोण वाचतं? कादंबरी वाचायची म्हणजे पुढं पुढं जायचं असतं, ही मात्र जिथं काही नाही तिथंच जाऊन उभी राहते. मला जरा चीडच आली. मुनीबना सांगितलं तर ते शिवणीची भोकं पाडायचा टोचा हातात धरून म्हणाले, "शहाणी आहे पोरगी." तुम्हाला सगळेच शहाणे, मी म्हटलं.

९ ऑगस्ट

सृष्टीनं होडीची कादंबरी तिसऱ्यांदा नेली. हिला पाण्याची आवड दिसते. मासेमारीची एक आणि दीपगृहाची एक बाजूला काढून ठेवली आहे. दीपगृहातला म्हातारा आज दुपारी कापला.

मावशी तारामती भाजीला जाताना भेटल्या. म्हणाल्या, अजून बोलणं नाही, चाचणीत मार्क घसरलेत, रामकिशनभावजींचा निरोप आला की दिवाळीला येतो तो न्यायलाच. मी म्हटलं, अजून वेळ आहे. पण मला काळजी वाटली. माझ्याकडं आनंदी कादंबऱ्या आता थोड्याच उरल्या आहेत.

२३ ऑगस्ट

आज फजिती झाली.

सकाळी अमृतराव सर नोट्सचे दोन गठ्ठे घेऊन दुकानात आले आणि ते मुनीबच्या पाटावर आपटले.

"मुनीबभाई, हे काय लावून ठेवलंय?"

पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला अस्तर म्हणून कोरा कागद लावायचा असतो. तिथं छापील पानं होती. माझी पानं. म्हणजे मी कापलेली. पुठ्ठ्याला चिकटलेली बाजू सोलून काढलेली, कडा ओल्या.

सर म्हणाले, "भाभी, पोरं प्रकाशाचं अपवर्तन सोडून पुठ्ठे वाचून राहिलीत. एक बाजू दिसती, दुसरी खळीत अडकलेली, म्हणून खोल्याखोल्यांत ओल्या फडक्यानं सोलून राहिलीत. परवा तासाला एक पोरगी हुंदके देऊन रडायला लागली. काय झालं विचारलं, तर म्हणते, सर, आई वारली. माझं काळीज हाललं. तिच्या घरी फोन लावला. आईनंच उचलला, धडधाकट!"

मला हसू आलं ते मी दुपट्ट्यात दाबलं. सरांना आलं नाही. यापुढं असं एक पान जरी दिसलं तर नोट्सचं काम दुसरीकडं जाईल, असं सांगून ते गेले.

मग मी मुनीबना धरलं. एवढी अक्कल नाही का, की जे पोरांपासून लांब ठेवायचं तेच त्यांच्या दप्तरात घालायचं? ते ब्रश धूत राहिले. शेवटी म्हणाले, "तू पुस्तकातून काढतेस ते कुठंतरी तर राहिलं पाहिजे ना."

"कोरा कागद महाग झालाय असं सरळ सांगा," मी म्हटलं.

ते जेवायला बसले तेव्हा चष्मा काढून ठेवला होता आणि डोळे लाल होते. खळीचा वास डोळ्यांना लागतो, मी त्यांना कितीदा सांगितलंय खिडकी उघडी ठेवा म्हणून.

१३ सप्टेंबर

आनंदाची बातमी. तारामतीबाई आपणहून दुकानात आल्या, हातात माझ्यासाठी कोथिंबिरीच्या वड्या.

"चाची, काय जादू केली हो? पोरगी बोलाया लागली! रोज क्लास सुटला की मैत्रिणीच्या खोलीवर जाती. आज हिच्या, उद्या तिच्या. मुलींच्या वसतिगृहात सगळ्या वळखायला लागल्या तिला. काल तर त्या लोह्याच्या पोरीशी भांडून आली. म्हणे, तिनं दिलं न्हाई."

"काय दिलं नाही?"

"कुनाला ठाऊक. पन भांडली की!"

शेवटी आनंदी कादंबऱ्यांचा गुण आला. मी रामकिशनना कार्ड टाकलं: ‘सृष्टी खुलली आहे. मैत्रिणी झाल्या आहेत. तुम्ही सांगितलं त्याच प्रकारची पुस्तकं देते आहे. न्यायची घाई करू नये. – बिलकीस.’ मुनीबना वाचून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, "टाक, टाक."

आज फार दिवसांनी बिर्याणी केली.

३० सप्टेंबर, बुधवार

आज भूकंपाचा दिवस, पाच वर्षं झाली. सृष्टी गावाला गेली असेल असं मला वाटलं होतं. तर ती दुपारी दुकानात आली, दारातच उंबऱ्यावर बसली आणि दप्तरातून पानं काढून माझ्यापुढं ठेवली.

होडीच्या कादंबरीची पानं. एकशे तेरा, एकशे पंधरा, एकशे सतरा. काहींना खळ चिकटलेली, एकाचा कोपरा फाटून दुसऱ्या कागदानं जोडलेला. सगळी क्रमानं लावलेली. मला एका क्षणात सगळं कळलं. मैत्रिणी, खोल्या, लोह्याची पोरगी. मी त्या कार्डात काय लिहिलं ते आठवून कानशिलं तापली.

"सगळ्यांच्या नोटा बघितल्या," ती म्हणाली. इतकं बोलताना मी तिला प्रथमच ऐकत होते. "एक पान घावलं न्हाई. एकशे सत्तावीस. ते ज्या पोरीकडं व्हतं ती क्लास सोडून हिमायतनगरला गेली. एकशे सव्वीसवर आईला पहाटं घराबाहेर काढत्यात, आन् पोरगी शेजारी निजलेली. सकाळी उठून शेंगा सोलत बसती, तिला म्हाईत न्हाई. एकशे एकोणतीसवर तिला म्हाईत हाय. मधी कुनीतरी सांगितलं आसंल ना? कुनी सांगितलं? कसं?"

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

"तुम्हीच कापलंय की चाची. तुम्ही वाचल्याबगर कापत न्हाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. मग ती म्हणाली, "मला कुनी सांगितलंच न्हाई. मला जीपमदी घातलं तवा म्हनले, आई सोलापूरच्या दवाखान्यात हाय. मग म्हनले, बरी व्हतीय. मग म्हननंच बंद केलं. मी दुसरी आई आली तवा समजून घेतलं. तेवढं पान वाचायचं व्हतं. कसं सांगत्यात ते."

नऊ वर्षांच्या पोरीला असं ठेवलं, याचा मला संताप आला, आणि तिच्या हातात मी काय देत होते तेही दिसलं. मग मी सांगायला लागले. पान मला नीट आठवत होतं. बाप येतो, मी म्हटलं. त्याच्या हातात तिच्या चपला असतात. निळ्या पट्ट्याच्या. तो तोंडानं काही बोलत नाही. चपला पायरीवर ठेवतो, जोडीनं, जशा आपण मशिदीबाहेर ठेवतो तशा, आणि बाजूला बसतो. मग तिला कळतं. ती म्हणते, डॉक्टरांना पुन्हा एकदा बघायला सांगा. तो नाही म्हणत नाही. उठतो, आत जातो, थोड्या वेळानं बाहेर येतो आणि परत तिथंच बसतो.

मागून मुनीब म्हणाले, "पुस्तकात हे नाही."

ते दारात उभे होते, हाताला खळ. "पुस्तकात बाप सांगत नाही," ते म्हणाले. "आत्या सांगते. शेंगांचं सूप बाजूला ठेवते, पोरीचे हात स्वतःच्या पदराला पुसते आणि म्हणते, तुझी आई पहाटे गेली, मी तिच्याजवळ होते. पोरगी विचारते, मला का उठवलं नाही? आत्या म्हणते, चुकलं माझं."

सृष्टी ऐकत होती. आवाज न करता तिचे ओठ हलले, जणू शेवटचे शब्द परत म्हणून बघत होती. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

"मग चपला कुनाच्या?"

मुनीब म्हणाले, "कशिशच्या. आमची मुलगी."

मी उठले. पण दारात सृष्टी बसली होती आणि मागच्या दारात मुनीब उभे होते. कुणालाच ओलांडता येईना, म्हणून परत बसले. बसल्यावर रडू आलं, आणि ते मी थांबवलं नाही. सृष्टीही रडली. मुनीबनी हात धुतले, चहा ठेवला आणि त्यात साखर टाकायला विसरले. आम्ही तसाच प्यायलो.

११ ऑक्टोबर, रविवार

रामकिशन न्यायला आले. अमृतराव सरांनी पत्र पाठवून पालकांना बोलावलं होतं, की तुमची मुलगी वसतिगृहात फिरून नोट्सचे पुठ्ठे सोलते, तिला घेऊन जा. क्लासमधून तडक ते माझ्याकडं आले, पिशवी हातात, सृष्टी मागं.

"भाभी, म्या काय सांगितलं व्हतं?" ते पायरीवरूनच म्हणाले. "कुनी मरत न्हाई असं द्या म्हनलं व्हतं का न्हाई? सारं सर सांगत व्हते. तुमच्या पानापायी पोरीचं नुकसान झालं. आज दोनची गाडी हाय, तिला घेऊन चाललो."

ते खरंच बोलत होते. वर तुम्ही सांगितलं तेच देते आहे, असं मी कार्डात लिहूनही कळवलं होतं. मी म्हटलं, "चुकलं माझं. पण तिला न्यायच्या आधी तिचं एक ऐका."

सृष्टी पुढं आली. बापाच्या हातातली पिशवी तिनं काढून घेतली आणि खाली ठेवली.

"आप्पा, आई गेली ते मला तुम्ही सांगा."

"काय?"

"मला कुनी सांगितलं न्हाई. आता सांगा."

रामकिशन माझ्याकडं बघायला लागले, मग मुनीबकडं, मग रस्त्याकडं. रस्त्यावर सायकली चालल्या होत्या. मला वाटलं, हा माणूस आता पोरीच्या कानाखाली मारणार किंवा निघून जाणार. मुनीबनी लाकडी स्टूल पुढं सरकवलं. रामकिशन त्यावर न बसता खाली पायरीवर बसले.

"म्या काढलं तिला," ते म्हणाले. "दुपारी. तू तिच्या बाजूलाच व्हतीस, तुझ्यावर पलंग पडला म्हनून तू ऱ्हायली. तुला आधी काढलं. तू पानी मागितलं. तुला जीपमदी घालून लातूरला धाडलं, आन् परत येऊन तिला काढलं. लक्ष्मीला."

"तिनं काय म्हनलं?"

"ती आधीच गेली व्हती गं. काय म्हननार."

"कुनी अग्नी दिला?"

"म्याच. साऱ्या गावाला एका जागी. पाऊस व्हता, लाकडं वली, कुनाच्या घरचं दार, कुनाच्या घरचं माळवद. तिच्या अंगावर म्या माझी घोंगडी टाकली." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "दुसऱ्या दिवशी तुला सांगणार व्हतो. दवाखान्यात आलो तर तू म्हनलीस, आईला म्हनावं माझा हात दुखतो. मग न्हाई सांगितलं. म्हनलं उद्या सांगू. मग रोज उशीरच व्हत गेला."

सृष्टी त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. दोघं कितीतरी वेळ बसून होती. गिऱ्हाईक पोरं येत होती, मी त्यांना हातानंच परत पाठवत होते. दोनची गाडी गेली. मग सृष्टीनं बापाला विचारलं, आईला कोणती भाजी आवडायची, ती रागावली की काय म्हणायची, माझ्यासारखी वेणी घालायची का. एकेक. रामकिशन सांगत गेले. एका उत्तराला ते हसले आणि लगेच तोंडावर हात ठेवला, जसं काही देवळात हसले.

उठताना ते म्हणाले, "येती का मग गावाकडं?"

"दिवाळीला येते. मग मला परत सोडा."

रामकिशननी पिशवी उचलली. "सर काय म्हनत्यात बघतो," ते म्हणाले आणि मुनीबना बरोबर घेऊन क्लासकडं गेले. सगळ्या नोट्स कोऱ्या अस्तरानं पुन्हा बांधून देण्याच्या बोलीवर अमृतराव सर कबूल झाले. मुलगी राहणार.

मी दुकानात एकटीच बसले आणि फडताळातलं ब्लेड काढून मुनीबच्या डब्यात टाकलं. तिथं ते निदान कामाला येईल.

१ नोव्हेंबर, रविवार

नोट्स परत आणा असा निरोप सगळीकडं गेला आहे, पण पोरं आणत नाहीत. भागवत म्हणतो त्याची हरवली. दर वर्गात अशा पुष्कळ हरवल्या आहेत. मुनीब आता मी पूर्वी कापलेल्या कादंबऱ्या उघडून बसलेत. जी पानं सापडली ती परत शिवतात, न सापडलेल्या जागी स्वतःच्या हातानं लिहून घालतात. त्यांना पाठ आहेत. मराठी अक्षर लहान मुलासारखं आहे.

सृष्टी दिवाळी करून परत आली. नव्या आईनं माझ्यासाठी करंज्या दिल्या होत्या. आता बोलते, पण मोजकंच, ते तिचं वळणच असणार. मी एक नवी कादंबरी दिली, अजून न वाचलेली. म्हटलं, यात कोण मरतं मला माहीत नाही, तूच वाचून सांग. ती पुस्तक घेऊन गेली नाही. तिथंच बसून करंजी खात माझ्याकडं बघत होती.

"चाची, एक विचारू? कशिशला कोनती कादंबरी आवडायची?"

सहा वर्षांत मला तिच्याबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. नातेवाईक यायचे, अल्लाची मर्जी म्हणायचे आणि जायचे. मुनीबचा टोचा मागं थांबला.

"एकही नाही," मी म्हटलं. "पुस्तक दिलं की पळून जायची. गोदावरीच्या घाटावर पोरांबरोबर गोट्या खेळायची. मी पुस्तक घेऊन तिच्या मागं, आणि ती पुढं. एकदा माझी कादंबरी तिनं बकरीला खाऊ घातली. पहिली चाळीस पानं."

आतून मुनीब मोठ्यानं हसायला लागले. इतके, की त्यांना ठसका लागला. "पन्नास," ते म्हणाले. "पन्नास खाल्ली होती बकरीनं."

"चाळीस."

"मी बांधून दिली ना परत? मला माहीत."

"आन् मग?" सृष्टी म्हणाली. "मग काय झालं?"

मी तिला सांगायला लागले.